गेटाबाहेरची सरासरी

४ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा अहवाल पोचला. पाकीट मामीनेच फोडलं. तुझं नाव छापलेलं पान तिने आधी पदराने पुसलं, खरं तर त्यावर धूळ नव्हती. मग खालच्या शिंप्याला, वरच्या खोलीतल्या बाईला आणि पोस्टमनलाही दाखवून झालं. फोनवर सांगितलं असतं, पण कापडाच्या मशीनने माझे कान केव्हाच खाल्ले. तू बोलतेस आणि मला नुसता भुंगा ऐकू येतो. त्यामुळे आपलं हे कागदावरचंच बरं.

चार दिवस बसून सगळं वाचलं. चाळीस वर्षं कटिंग मास्टर होतो, तेव्हा कपड्यांच्या कारखान्यांवरचा अहवाल मी वाचणार नाही तर कोण? भाषा छान आहे. आता राग मानू नकोस, पण एक्केचाळीसाव्या पानावरचा तक्ता माझ्या घशाखाली उतरला नाही.

तू म्हणतेस, बारा वर्षांत सीमेपलीकडून एवढी माणसं कामाला आली, तरी इथल्या कामगारांची सरासरी मजुरी कमी झाली नाही, उलट शंभराला सहाने वाढली. म्हणून सरकारने बाहेरच्यांना द्यायचे कामाचे परवाने दुप्पट करावेत. आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण असं बघ. माझ्या टेबलावर कापडाचे वीस तुकडे आहेत, काही लांब, काही आखूड. आखूड होते ते मी उचलून टेबलाखाली टाकले. टेबलावरच्या तुकड्यांची सरासरी लांबी वाढली की नाही? आणि एक धागा तरी नवा विणला गेला का?

कारखान्यात जे उरले, ते तू मोजलेस. जे गेटाबाहेर गेले, ते कुठे आहेत?

दुसरं म्हणजे, पहिल्याच पानावर कारखानदार संघाचे आभार आहेत. त्यांना स्वस्त माणसं हवीत, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. तुला त्यांनी काही लिहायला लावलं नाही ना? एवढंच सांग. तू नाही म्हणालीस की माझ्यासाठी विषय संपला.

मामीचे आशीर्वाद. ती म्हणते, फोटोत वाळलेली दिसतेस.

तुझा मामा

---

१३ जानेवारी

ती. मामा,
साष्टांग नमस्कार.

नाही. मला कोणी काहीही लिहायला लावलं नाही. आता विषय संपला का?

संपला नाही, कारण तुमचं पत्र जिवाला लागलं. अडतीस कारखाने, बारा वर्षं, दोन उन्हाळे मी नोंदी उतरवून काढल्या. संस्थेतल्या खिडकी नसलेल्या खोलीत बसून डोळ्यांची वाट लावून घेतली. बाहेरच्या लोकांनी हेतूवर बोट ठेवलं तर मी हसून सोडून देते. वर्तमानपत्रात एकाने मला 'कारखानदारांची पोपटीण' म्हटलं, तेव्हाही मी हसले. पण तुम्ही? अकराव्या वर्षी आई गेली, तेव्हापासून माझा हात धरून शेकडेवारी शिकवणारे तुम्ही?

आणि हेतूचंच म्हणाल, तर तुमचा काय आहे? कारखानदारांची मी वकिली करते, असं तुमचं म्हणणं. पण मी कॉलेजच्या वसतिगृहातून सुट्टीला घरी यायचे, तेव्हा जेवताना तुम्ही बाहेरून आलेल्यांबद्दल 'ते आले आणि आपलं सगळं गेलं' म्हणायचात. काय गेलं, मामा? तुमची नोकरी निवृत्तीपर्यंत टिकली. मामीने गुडघ्यांमुळे काम सोडलं. मग तुमच्या घरातलं कोण आहे गेटाबाहेर?

फार लिहिलं का? पण खोडत नाही. तुम्हीच म्हणायचात, एकदा कापलेलं कापड परत जोडता येत नाही.

मामीला सांगा, फोटोग्राफरच वाईट होता. मी जेवते नीट.

तुमची भिंगरी

---

२१ जानेवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मी उगाच लिहिलं. म्हाताऱ्या माणसाला दिवसभर काम नसतं, मग नको तिथे नाक खुपसतो. तुझा अहवाल चांगला आहे. तो विषय आता सोडून दे.

मामीचे गुडघे ठीक आहेत. थंडी ओसरते आहे.

मामा

---

१९ फेब्रुवारी

ती. मामा,
नमस्कार.

महिनाभर तुम्हाला लिहिलं नाही. तुम्ही रुसलात असं वाटलं होतं. 'सोडून दे' हे तुम्ही आयुष्यात कधी म्हणाला नाहीत. मला गणित सुटत नसलं की माझ्यासकट तुम्हीही जेवायचं थांबायचात. तेच डोक्यात राहिलं आणि मी मुळीच सोडून दिलं नाही.

कामगार कचेरीत जाऊन नोंदी पुन्हा काढल्या. इथले अकराशे चाळीस कामगार पहिल्या दोन वर्षांत बाहेर पडलेत, त्यात नऊशेच्या वर बायका. माझ्या तक्त्यात त्यांतलं एकही माणूस नाही. वगळले कोणी? मीच. संघाने नाही, आमची संस्था चालवणाऱ्या सरांनीही नाही. 'सलग नोंद असलेलेच घ्यावेत' असं मी ठरवलं, कारण त्याने हिशेब सुटसुटीत होत होता. मला विकत घ्यायची कोणाला गरजच पडली नाही, मामा. जे सोपं होतं, ते मी फुकटात केलं.

मग पत्ते शोधत निघाले. तीन आठवड्यांत नव्वद बायका भेटल्या. एकसष्ट जणी पूर्वीपेक्षा कमी कमावतात किंवा काहीच कमावत नाहीत. कोणी घरी फॉल-बिडिंग करते, कोणी इस्पितळात लादी पुसते. एकीने मला दारातच विचारलं, "आत्ता आलीस? आम्ही कधीच्या गेलो." तिनेच पाणी दिलं.

बाहेरून आलेल्यांनाही भेटले. परवान्यावर कारखान्याचं नाव असतं, काम सोडलं की परवाना रद्द. त्यामुळे मिळेल त्या दरात बसतात. 'मजुरी वाढली' हे वाक्य मी त्यांच्या खोलीत मोठ्याने वाचायला गेले आणि मध्येच थांबले.

सर म्हणतात, झालेली चूक तळटिपेत सांग, अहवालाचा दुसरा भाग संघाच्याच मदतीवर चालणार आहे. वाईट माणूस नाहीत ते. आमच्या खोलीतल्या सहा जणांचे पगार त्यांच्या डोक्यात असतात.

पण मामा, हे पत्र त्यासाठी नाही.

तुमच्या कारखान्याच्या फाइलमध्ये काज-बटण विभागातून काढलेल्या चौतीस जणींची यादी सापडली. प्रत्येकीपुढे 'स्वेच्छेने' असं लिहिलंय. सोळावं नाव मामीचं आहे. आणि तळाशी 'शिफारस : कटिंग मास्टर' अशी सही. तुमच्या सहीतला म असा वळतो की मी तो अंधारातसुद्धा ओळखीन.

मी ती यादी कोणाला दाखवलेली नाही. तुम्ही सांगेपर्यंत दाखवणारही नाही. पण मला सांगा, हे काय आहे?

भिंगरी

---

१ मार्च

चि. भिंगरीस,

तुझं पत्र मी नेहमीसारखं चहाच्या वेळी मामीला वाचून दाखवत होतो. 'मामा, हे पत्र त्यासाठी नाही' इथवर आलो आणि पुढची ओळ नजरेला पडली. मी म्हणालो, पुढे नुसती आकडेमोड आहे. ती म्हणाली, बरं.

सांगतो. मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाला, काज-बटण आता नगावर करायचं, पगारावर नाही. चौतीस जणी कमी करायच्या आहेत. तुम्हाला सगळ्यांचे हात ठाऊक आहेत, तुम्ही नावं द्या. मी म्हणालो, मी नाही देणार. तो म्हणाला, मग मी चिठ्ठ्या टाकतो. त्याच्या टेबलावर चिठ्ठ्यांचा वाडगा खरंच तयार होता.

मला काय वाटलं ते तुला सांगतो. काज-बटणात एक उंच विधवा होती, चिठ्ठीत कदाचित तीच निघाली असती, तिच्या घरी तीन पोरं. मला वाटलं, निदान विचार करून लिहावं. ज्यांच्या घरात दुसरं कमावणारं आहे, त्यांचीच नावं घ्यावीत. पंधरा लिहिली आणि हात थांबला. इतरांच्या बायकांची नावं लिहितोय आणि माझ्या घरात तर कमावता मी बसलोय. सोळावं तिचं लिहिलं. पुढची अठरा कशी लिहिली, ते आठवत नाही.

घरी येऊन सांगितलं, मॅनेजरने यादी लावली. नातेवाईक विचारायला लागले तेव्हा मीच गुडघ्यांचं काढलं. तुलाही तेच सांगितलं.

आणि आता तुझ्या कामाची गोष्ट, जी मी पहिल्याच पत्रात लिहायला हवी होती. ती यादी मार्चमधली. बाहेरची पहिली माणसं आली ऑक्टोबरमध्ये. मधल्या सात महिन्यांत मालकांनी सरकारला लिहिलं की इथे हात मिळत नाहीत, परवाने द्या. हात मिळत नव्हते! चौतीस जोड्या घरी बसल्या होत्या, त्यातली एक माझ्यासमोर भाजी निवडत होती.

म्हणजे ते आले म्हणून आमचं गेलं नाही. आमचं आधी घालवलं, मग त्यांना आणलं. हे मला पहिल्यापासून माहीत होतं. पण 'ते आले आणि गेलं' असं म्हटलं की त्यात माझी सही येत नाही. अकरा वर्षं म्हटलं. म्हणता म्हणता ते मलाच खरं वाटायला लागलं. तुझ्या हेतूवर बोट ठेवताना माझा हेतू हा असा होता.

यादी वापर. तारखाही लाव. फक्त मामीला कळू देऊ नकोस. एवढं मागतो.

मामा

---

९ मार्च

माझी भिंगरी,

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आज तुझे मामा दाढी करायला सलूनमध्ये गेलेत, तिथे ते दोन तास पेपर वाचतात, म्हणून बसले.

'पुढे नुसती आकडेमोड आहे' म्हणून माणूस पत्र चार घड्या घालून खिशात कोंबतो होय? मी पत्र काढून वाचलं. चष्मा घालून दोनदा वाचलं.

मला ठाऊक आहे गं. तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. बटणाच्या मशीनवरची एक जण हिशेब घ्यायला गेली होती, तिने सही पाहिली आणि तडक माझ्याकडे येऊन रडली. मी तिला म्हटलं, कोणाला सांगू नकोस. वर्षभर मात्र मी आतून धुमसत होते. तुझ्या मामांच्या डब्यात रोज एकच भाजी दिली, तीही त्यांना न आवडणारी. बिचारे गुपचूप संपवायचे. त्यावरूनच मला कळायचं की खातंय यांना आत काहीतरी.

मग राग विरला. कधी, ते सांगता येणार नाही. पण तोवर बोलायची वेळ निघून गेली होती. मी बोलले असते तर ते माझ्या डोळ्यांत बघू शकले नसते, आणि मला त्यांनी बघायला हवं होतं.

वरच्या खोलीतली बाई तुला माहीत आहे ना? ती सीमेपलीकडून आली तेव्हा माझ्याच काजाच्या मशीनवर तिला बसवलं होतं. पहिल्या दिवशी जिन्यात भेटली, तिला भाषा येत नव्हती. तिच्या बोटात सुई गेली होती, काजाची ती जागा वाईटच आहे, माझ्या बोटातही तीनदा गेलेली. मी हळद लावली आणि हातवारे करून दाखवलं की कापड असं धर. तिला आजही माहीत नाही की ती जागा माझी होती. मी सांगितलंच नाही. सांगून तिने काय करायचं?

आता कामाचं. माझ्या गुडघ्यांना कधीच काही झालं नव्हतं. अकरा वर्षं लोकांसमोर लंगडून मात्र आता खरंच दुखायला लागलेत. तू जे काही छापशील, त्यात मला 'स्वेच्छेने' लिहू नकोस. माझी इच्छा नव्हती. एवढं एक खरं कुठेतरी छापून आलं, तर बरं वाटेल मला.

आणि मामांना मी लिहिलंय हे सांगू नकोस. दोघांचीही गुपितं आता तुझ्याकडे. सांभाळ.

मामी

---

६ एप्रिल

ती. मामा आणि मामी,
दोघांनाही नमस्कार.

अहवालाची नवी आवृत्ती निघाली. तळटीप नाही, पूर्ण नवं प्रकरण आहे, 'गणतीतून सुटलेले'. नावं कोणाचीच नाहीत. एका कारखान्यातल्या चौतीस जणींपुढे छापलंय : 'नोंद : स्वेच्छेने. भेटीत सांगितलेलं : इच्छेविरुद्ध.' शेजारी दोन रकाने आहेत, काढल्याची तारीख आणि पहिला परवाना आल्याची तारीख. परवाने दुप्पट करावेत ही शिफारस मी मागे घेतली. परवान्यावर कारखान्याचं नाव नसावं आणि काढलेल्यांना आधी परत बोलवावं, असं लिहिलं.

सरांनी सही करताना पेन दोनदा खाली ठेवलं. मग म्हणाले, "बरोबर आहेस, याचंच वाईट वाटतं." संघाने आठवड्यात मदत काढून घेतली. माझी नोकरी जूनपर्यंत. बाकीच्या पाच जणांना सरांनी दुसरीकडे सामावून घेतलं. ते डबा खाताना माझ्याशी नीट बोलतात, पण जपून.

हे सगळं मी सोसलं असतं. पण सोबतचं पत्रक बघा. बाहेरच्यांना हाकला म्हणणारे ते गावोगावी वाटतायत. 'नव्वदपैकी एकसष्ट बायकांचं काम परक्यांनी हिसकावलं! संस्थेचाच अहवाल!' माझा तक्ता जसाच्या तसा, फक्त तारखांचे दोन रकाने कापलेले. काल इथल्या बाजारात बाहेरून आलेल्या एका माणसाची हातगाडी उलटवली. उलटवणाऱ्याच्या खिशात हे पत्रक होतं.

आधी मी त्या बायकांना वगळलं. आता माझ्या आकड्यांनी ह्या माणसाची गाडी पालथी केली. मामा, मी नक्की काय मोजलं? खरं सांगते, पुन्हा कधी तक्ता करावासा वाटत नाही.

भिंगरी

---

२० एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात आपल्या गल्लीतल्या शाळेच्या हॉलमध्ये त्या पत्रकवाल्यांची सभा होती. मी मामीला म्हटलं, जाऊन येतो. ती म्हणाली, "तुम्हाला ऐकू काय येणार? मी येते." दोघंही गेलो. तिसऱ्या रांगेत बसलो, मुलांच्या बाकांवर, माझे गुडघे छातीला लागत होते.

वक्ता बोलत होता आणि मामी माझ्या कानात त्याचं बोलणं पुन्हा सांगत होती. 'एकसष्ट बायका' आलं तेव्हा मी उठलो. म्हटलं, "ह्या तक्त्याचे दोन रकाने कापलेत. ते वाचा."

तो काहीतरी बोलला. मी मामीकडे पाहिलं. ती म्हणाली, "खाली बसा म्हणतोय."

मी म्हटलं, "त्याला सांग, मला ऐकू येत नाही."

हॉल हसला. मग मी तुझा नवा अहवाल उघडून स्वतःच वाचलं. चौतीस जणींना काढलं मार्चमध्ये, पहिला परवाना ऑक्टोबरमध्ये. मागून कोणीतरी ओरडलं, ते मात्र मला ऐकू आलं, "तुम्हाला काय माहीत? मालकाचे हस्तक!"

भिंगरी, इथे मला वाटलं होतं की मी बसेन. पण तोंडातून निघून गेलं, "मला माहीत आहे, कारण ती यादी मी लिहिली. सीमेपलीकडच्या कोणी नाही लिहिली. ह्या हाताने मी लिहिली."

बहिऱ्याला शांतता दिसते, तोंडं हलायची थांबतात. त्या हॉलमध्ये यादीतल्या निदान चार जणी होत्या. ती उंच विधवा, जी यादीत नव्हती, तीही होती. मामीकडे बघायची माझी हिंमत नव्हती. तेवढ्यात ती माझ्या शेजारी उभी राहिली, बाकाला धरून, आणि म्हणाली, "सोळावं नाव माझं आहे. मला कोणी परक्याने काढलं नाही. आणि माझ्या नावावर कोणाची गाडी उलटवायची नाही."

हे तिने इतक्या मोठ्याने म्हटलं की मला पुन्हा सांगावं लागलं नाही.

सभा काही मोडली नाही. वक्त्याने गाणं लावलं आणि पत्रकं वाटली. पण निम्मी पत्रकं बाकांवरच राहिली, ती मी मोजली, मला राहवत नाही. यादीतली एक जण दारात माझ्या अंगावर धावून आली, "अकरा वर्षांनी सांगता?" मी हात जोडले. ती थुंकून निघून गेली. तिचं बरोबर आहे. दुसरी नुसती मामीच्या गळ्यात पडली.

येताना आम्ही हळूहळू चालत आलो. मी म्हटलं, "तुला आधीपासून माहीत होतं." ती म्हणाली, "तिसऱ्या दिवसापासून." आणि मग तुला पत्र लिहिल्याचंही सांगून टाकलं. गुपितं सांभाळणारी भाची मिळाली आहे आम्हाला!

मी विचारलं, "मला कधी माफ केलंस?" औषधाच्या दुकानापाशी थांबली. म्हणाली, "यादी लिहिण्याआधी मला विचारलं असतंत ना, तर मी नाही म्हटलं असतं. भांडले असते. आणि मग कदाचित स्वतःच म्हटलं असतं, घाला माझं नाव. पण विचारायला हवं होतंत."

तू विचारतेस, काय मोजलंस. तू तिला मोजलंस. 'इच्छेविरुद्ध' छापलेलं ते पान तिने कापून ठेवलेलं नाही की कपाटात लपवलेलं नाही, उशाशी उघडंच असतं. त्या हातगाडीवाल्याकडे जा आणि त्यालाही विचार, लिहून घे. कापलेले रकाने पुन्हा छापायला एकदा नाही, दहादा लागतील. कंटाळू नकोस. तुझ्यासारखी पोरगी कंटाळली तर आखूड तुकडे कायमचे टेबलाखाली.

काल चहाच्या वेळी मी मामीला म्हटलं, "जूननंतर भिंगरीला इकडे बोलावू का? मागची खोली रिकामी आहे. दोन-चार महिने राहील, पुढचं बघेल. तुला चालेल का?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाली, "शिकलात हो विचारायला! चालेल. लिहा तिला."

म्हणून लिहितो आहे. ये.

तुझा मामा